पोरगी नाही, रायफल चुकत होती

पोस्ट मोठी आहे. पण नाशिकमधल्या शंभरेक घरांचा तरी हा प्रश्न असेल, म्हणून लिहितोय. वेळ काढून वाचा.

द्वारका सर्कलला सकाळी सातच्या सुमाराला उभं राहिलं तर कधीतरी एखादी मुलगी किंवा मुलगा पाठीला लांबलचक काळी बॅग लावून रिक्षाची वाट बघताना दिसतो. लोकांना वाटतं गिटार आहे. रिक्षावाला विचारतो, "काय आहे गं यात?" पोरगी म्हणते, "रायफल." पुढचे दोन मिनिटं रिक्षावाला आरशातून मागेच बघतो. मी बघितलेला प्रसंग आहे, म्हणून सांगतो.

ही मुलगी आमच्याच भागातली. नाव लिहीत नाही, तिला विचारलं तर ती "नको काका" म्हणाली. दहावीला आहे. वडिलांचं स्पेअर पार्ट्सचं छोटं दुकान. १० मीटर एअर रायफल खेळते. तीन वर्षं रेंजच्या रायफलवर सराव केला, मग वडिलांनी कुठून कुठून पैसे जमवून एक वापरलेली जर्मन रायफल घेतली. नवीन घ्यायची तर आकडा ऐकूनच माणूस खाली बसतो. बापाने दुकानाचा माल कमी भरला आणि रायफल आणली.

गेल्या वर्षी घरात स्टँडवरून ती रायफल तोंडावर पडली. बॅरलच्या टोकाला एक नळी असते, तिला एक्स्टेंशन ट्यूब म्हणतात. तिच्यावर पुढची साइट बसवलेली असते. ती नळी किंचित वाकली. बाकी रायफल ठणठणीत.

आता हे दुरुस्त कुठे करायचं? नाशिकमध्ये त्यांना कुणी सापडलं नाही. पुण्याला न्या, ठेवून या, पार्ट बाहेरून मागवायचा, किती दिवस लागतील सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. निवड चाचणी दीड महिन्यावर होती. वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, तुमच्या ओळखी आहेत, बघा ना काही."

आणि मी सल्ला दिला. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यात मीपण आहे. मी म्हटलं, अहो, आपल्या अंबडला काय कमी आहे? विमानाचे पार्ट बनतात आपल्याकडे, एक नळी सरळ होणार नाही?

माझ्या ओळखीचा एक टर्नर. तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. त्याने नळी काढली, चकमध्ये धरली, सरळ केली. आतल्या बाजूला चेपल्यासारखं वाटलं म्हणून भोक हलकेच मोठं करून साफ केलं. मूळचा एक स्क्रू झिजला होता, त्याऐवजी दुसरा बसवला. परत लावून दिली. डोळ्याला एकदम सरळ. पैसे विचारले तर हात जोडले, "पोरीला मेडल मिळू द्या, पेढे आणा." माणूस सोन्यासारखा आहे. हे लक्षात ठेवा.

त्यानंतर पोरीचा स्कोअर पडायला लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या खेळात ६० शॉट्स असतात. प्रत्येक शॉटला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४. ही मुलगी सरावात ६१२ च्या आसपास मारत होती. तिच्या वयाला, तिच्या साधनांना, चांगला स्कोअर. दुरुस्तीनंतर ६०१, ५९६, ५९०. एखादा शॉट १०.६ आणि लगेच पुढचा ९.१. काही ताळमेळच नाही.

मग काय झालं? जे आपल्याकडे प्रत्येक घरात होतं तेच. आई म्हणाली मोबाईल जास्त झालाय. वडिलांनी मोबाईल काढून घेतला. शाळेतून आलं की दहावीचं वर्ष आहे, हे खूळ बंद करा. रेंजवर सांगितलं गेलं श्वासावर लक्ष दे, मन भरकटतंय. कुणी ध्यानाचा कोर्स सुचवला. मी स्वतः भेटल्यावर म्हटलं होतं, "टेन्शन घेऊ नकोस बेटा." म्हणजे गृहीत काय धरलं? की चूक तिच्यातच आहे. रायफलकडे एकानेही बघितलं नाही. ती तर "दुरुस्त" झाली होती ना!

निवड चाचणीत ती १.८ गुणांनी राहिली. ६० शॉट्समध्ये १.८. हिशेब करून बघा. या टार्गेटवर एका गुणाचं वर्तुळ म्हणजे अडीच मिलिमीटर. मग शॉटमागे सरासरी फरक आला ०.०७५ मिलिमीटर. साध्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढ्यावरून एका पोरीचं वर्ष गेलं. आणि नुसतं वर्ष नाही. खेळाच्या प्रमाणपत्राला आपल्याकडे किंमत आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दुकानदाराच्या मुलीला हे कागद म्हणजे काय असतात, ते वेगळं सांगायला नको.

तिने घरी सांगितलं, मला नाही खेळायचं. बॅग कपाटावर गेली.

पुढचं नशीब म्हणायचं. वडील कामानिमित्त पुण्याला जाणार होते, म्हणाले विकायच्या आधी एकदा दाखवून तर घेऊ. तिथे एका जाणकार माणसाने फार काही बोलला नाही. रायफल लोखंडी शिकंज्यात घट्ट बसवली. म्हणजे माणूसच बाजूला काढला. श्वास नाही, मन नाही, मोबाईल नाही. पाच छर्रे मारले. कागदावर शर्टच्या बटणाएवढा पसारा. मग टोकाची नळी काढून ठेवली आणि पुन्हा पाच मारले. पाचही जवळपास एकाच भोकातून गेले. परत नळी लावली, पाच मारले. पुन्हा बटण.

दहा मिनिटांचं काम. पोरगी नाही, रायफल चुकत होती.

वडिलांनी मला फोन केला तेव्हा ते रागावलेले नव्हते. रडत होते. म्हणाले, "भाऊ, तीन महिने मी पोरीला बोल बोल बोललो हो."

आता ही नळी एवढी महत्त्वाची का, ते मी नंतर समजून घेतलं. आधी घ्यायला पाहिजे होतं.

एअर रायफलमध्ये दारू नसते. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा असते, साधारण २०० बार. ट्रिगर ओढला की त्यातली थोडी हवा ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा ढकलते. छर्ऱ्याचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तो बॅरलमधून बाहेर पडतो त्या क्षणी मागची हवा त्याच्या भोवतीने सुसाट पुढे निघते. ही हवा सगळीकडून सारखी पसरली तर छर्ऱ्याला काही फरक पडत नाही. एका बाजूला जास्त पसरली तर ती छर्ऱ्याच्या बुडाला धक्का देते. टोकाच्या नळीचा आतला भाग बॅरलच्या भोकाशी अगदी एका रेषेत असावा लागतो तो यासाठी. आमच्या टर्नरने भोक साफ करताना ते केसभर एका बाजूला गेलं. आणि नवा स्क्रू आवळला की नळी एका अंगाला दाबली जायची. डोळ्याला दिसणार नाही, पण छर्ऱ्याला कळणार.

दुसरी गोष्ट पुढच्या साइटची. नळी लांब असते कारण डोळ्याजवळची साइट आणि पुढची साइट यांच्यात जेवढं अंतर जास्त तेवढा नेम बारीक घेता येतो. समजा हे अंतर ८० सेंटिमीटर आहे. पुढची साइट ०.१ मिलिमीटर हलली तर १० मीटरवर छर्रा सव्वा मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे अर्धा गुण. आता साइट कायमची एकाच बाजूला सरकलेली असेल तर हरकत नाही, मागच्या साइटचे खटके फिरवून जुळवता येतं. पण ती ढिली असेल, दर शॉटला किंचित वेगळ्या जागी बसत असेल, तर जगातला कुठलाही नेमबाज ते जुळवू शकत नाही. आज डावीकडे जातंय म्हणून खटके फिरवायचे, उद्या उजवीकडे. पोरगी तीन महिने हेच करत होती. आणि आपण तिला सांगत होतो मन लाव.

यात आणखी एक मेख आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत रायफलच्या तोंडावर काय चालतं आणि काय नाही, हे ठरलेलं आहे. कॉम्पेन्सेटर, मझल ब्रेक यांना बंदी. लांबीला मर्यादा. स्पर्धेआधी तपासणी होते. म्हणजे आपण घरगुती फेरफार केला आणि तो नियमात बसला नाही तर मेहनत करूनही बाद. हे आमच्या टर्नरला कोण सांगणार? मला तरी कुठे माहीत होतं?

म्हणून मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याला तुम्ही ड्रॉइंग दिलं असतं, कुठलं माप किती मायक्रॉनमध्ये हवं ते लिहून दिलं असतं, तर त्याने करून दाखवलं असतं. अंबड-सातपूरला मायक्रोमीटर घेऊन जेवणारी माणसं आहेत. ओझरला एचएएलमध्ये लढाऊ विमानं बनली. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, तिथल्या तोफांच्या तोंडावर काय बसवतात आणि ते जराही वाकडं असलं तर काय होतं, हे तिथल्या जवानाला पाठ असतं. लष्करात हत्याराची देखभाल करणारा आर्मरर हा वेगळा माणूस असतो. जवानाचं हत्यार चुकीचं मारायला लागलं तर ते आर्मररकडे जातं. जवानाला कुणी "मोबाईल कमी कर" सांगत नाही. एवढं सगळं या एका जिल्ह्यात आहे, आणि दहावीच्या पोरीची नळी सरळ करायला माणूस नाही.

आता काही जण म्हणतील, मग कुणीही उठून रायफलची दुरुस्ती करायला लागलं तर? बरोबर आहे, हा मुद्दा मीच मांडतो. गावठी कट्ट्याची बातमी मी इतक्या वेळा लिहिली आहे की कीबोर्ड आपोआप चालतो. बंदुकीच्या कामाला कायदा कडक आहे आणि असायलाच हवा. शस्त्र कायदा १९५९, कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्तीसुद्धा करता येत नाही. कलम ६ प्रमाणे बॅरल आखूड करायलाही परवाना लागतो. १० मीटरची एअर रायफल या परवान्याच्या कक्षेत येत नाही, कारण तिची ताकद सात-आठ ज्यूल असते आणि नियमांची मर्यादा २० ज्यूल आहे. पण पुढे हीच मुलं ५० मीटरला जातात, तिथे .२२ ची रायफल असते, आणि ती पूर्ण कायद्यात येते. तिला ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेणं हा सरळ गुन्हा आहे. आज एअर रायफलची नळी लेथवर नेणारा बाप उद्या .२२ ची नेणार नाही, याची खात्री कोण देणार? अधिकृत, परवानाधारक, जबाबदार माणूस जिल्ह्यात असणं ही सुरक्षेच्याच फायद्याची गोष्ट आहे. दार बंद ठेवलं की लोक खिडकीतून जातात.

मोठ्या नावांकडे बघू. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण घेतलं, १० मीटर एअर रायफलमध्येच. फायनलच्या आधीच्या सरावात त्याचा पहिला शॉट चारच्या वर्तुळात गेला होता, साइटची जुळणी हलली होती, हे त्याने पुढे स्वतः सांगितलं. दुसरा कुणी असता तर गळाठला असता. त्याने हत्यार तपासलं, साइट जुळवली आणि शेवटचा शॉट १०.८ मारला. त्याचा स्वतःवर विश्वास होता, कारण त्याला त्याच्या रायफलचा इंच न् इंच माहीत होता.

टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं. लिव्हर तुटली. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, फायनल हुकली. तेव्हा लोक काय काय बोलले ते आठवा. दडपण सहन होत नाही, वय लहान, डोक्यात हवा. तीन वर्षांनी तीच मनू पॅरिसमधून दोन पदकं घेऊन आली. मुलगी तीच होती.

आणि आपला स्वप्निल कुसाळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी गाव, पण नेमबाजीची सुरुवातीची वर्षं आपल्या नाशिकमध्ये. क्रीडा प्रबोधिनीतून तो या खेळाकडे वळला आणि भोसलाच्या रेंजचं नाव त्याच्याबरोबर देशभर झालं. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण, कांस्यपदक. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं, त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. त्या दिवशी मीही "नाशिकचा स्वप्निल" असं दणकून लिहिलं होतं. कोल्हापूरकरांनी शिव्या दिल्या, त्या खाल्ल्या.

त्याच्या वडिलांनी रायफलसाठी कर्ज काढलं, ही गोष्ट तेव्हा सगळ्या पेपरांत आली. आम्ही ती हळवी बातमी म्हणून छापली. "बापाचा त्याग" वगैरे. पण एकाही पत्रकाराने, त्यात मीपण आलो, पुढचा प्रश्न विचारला नाही, की कर्ज काढून आणलेली रायफल बिघडली की काय करतात? सरकारने एक कोटीचं बक्षीस जाहीर केलं, मग रकमेवरून वाद झाला, हरियाणा किती देतं, आपण किती देतो. बक्षीस द्यायलाच हवं, दुमत नाही. पण बक्षीस पोचलेल्याला मिळतं. वाटेत ज्याची नळी वाकते त्याला काय मिळतं?

आपल्या सगळ्या कारभाराची हीच तऱ्हा आहे. आणायचं, उद्घाटन करायचं, फोटो काढायचा. देखभालीचं नाव काढलं की सगळे गप्प. द्वारकाचा भुयारी मार्ग बघा ना. पायी चालणाऱ्यांसाठी बांधला. माणसं आजही वरूनच, ट्रकच्या तोंडासमोरून रस्ता ओलांडतात. बांधला म्हणजे काम झालं, असं आपण धरून चालतो. ओपन जिमची हँडल्स तुटून लोंबतात, तेही तसंच. खेळाचं साहित्य खरेदी करायचं तर योजना आहेत, प्रस्ताव आहेत, कोटेशनं आहेत. व्यायामशाळा विकास, क्रीडांगण विकास अशी अनुदानंही आहेत. पण "दुरुस्ती करणारा कुशल माणूस" हा शब्द मी तरी क्रीडा खात्याच्या कुठल्या उद्घाटनाच्या भाषणात ऐकलेला नाही. भाषणं मी भरपूर ऐकली आहेत.

मग मागणी काय? अगदी छोटी आहे, म्हणून तर राग येतो.

एक. विभागीय क्रीडा संकुलात किंवा शहरातल्या कुठल्याही चालू रेंजवर महिन्यातून दोन दिवस एक अधिकृत, परवानाधारक आर्मरर बोलवा. पुण्या-मुंबईहून यायचा असला तरी चालेल. त्याचा प्रवास आणि मानधन जिल्हा नियोजन समितीला जड नाही. पंधरा पालकांनी पंधरा वेळा पुण्याला जायचं, त्यापेक्षा एका माणसाने नाशिकला यायचं.

दोन. प्रत्येक रेंजवर एक शिकंजा आणि एक रजिस्टर ठेवा. मुलाचा स्कोअर सलग पडला तर पहिलं काम, रायफल शिकंज्यात लावून पाच शॉट मारायचे, कागद रजिस्टरला चिकटवायचा, तारीख टाकायची. मुलाला बोलायचं ते त्यानंतर. पडली, आपटली, काही खोललं, तरी तपासणी. याला फार पैसे लागत नाहीत, सवय लागते.

तीन. सातपूरला आयटीआय आहे. तिथल्या टर्नर-फिटरच्या मुलांतून दोन-चार जणांना एअर रायफलच्या देखभालीचं रीतसर प्रशिक्षण द्या. काम शिकवा, त्याबरोबर कायदाही शिकवा. कुठे हात लावायचा आणि कुठे अजिबात लावायचा नाही, हे दोन्ही. पुढे ज्याला परवाना घेऊन या कामात उतरायचं त्याला मार्ग दाखवा. खेळ वाढतोय, काम मिळेल.

चार. स्पेअर पार्टचा छोटा साठा. स्क्रू, सील, साइटचे सुटे भाग. शंभर रुपयांच्या सीलसाठी महिनाभर सराव बंद ठेवणारी मुलं मला माहीत आहेत.

"हा श्रीमंतांचा खेळ आहे, त्याला सरकारी पैसा कशाला?" ही कॉमेंट येणार, म्हणून आत्ताच उत्तर देतो. श्रीमंताला या चार गोष्टींची गरजच नाही. त्याच्याकडे दुसरी रायफल असते. बिघडली की तो विमानाने माणूस बोलावतो. दुरुस्तीची सोय नसते तेव्हाच तो खेळ श्रीमंतांचा होतो. शिक्षकाचा मुलगा, दुकानदाराची मुलगी, पोलिसाची पोरं या खेळात टिकायची असतील तर वाकलेली नळी हे खेळ सोडायचं कारण असता कामा नये.

"क्लबने करावं, पालकांनी करावं" असंही काही जण म्हणतील. पालक करतायत की. त्याचंच तर फळ वर लिहिलं आहे. त्यांना करायचं असतं, कुणाकडे जायचं ते माहीत नसतं, मग माझ्यासारखा एखादा शहाणा सल्ला देतो.

मुलीचं काय झालं, ते सांगून थांबतो. नवी नळी मागवली, यायला सात आठवडे लागले. पुण्यात बसवून, शिकंज्यात तपासून, कागद हातात घेऊन बापलेक परत आले. पहिल्या आठवड्यात स्कोअर ५९८. वडील घाबरले. मी म्हटलं, थांबा. कारण आता बिघाड खरंच तिच्यात होता. तीन महिने सगळ्यांनी सांगितलं होतं की चूक तुझी आहे, ते तिने मनावर घेतलं होतं. शॉट मारला की ती टार्गेटकडे बघायच्या आधी सरांच्या चेहऱ्याकडे बघायची. नळी सात आठवड्यांत आली, हे जायला जास्त वेळ लागला. गेल्या महिन्यात ६१०. या रविवारी ६१४. दहावीचा अभ्यासही चालू आहे, मोबाईल परत मिळालाय.

जुनी नळी वडिलांनी मला आणून दिली. म्हणाले, तुमच्याकडे असू द्या. टेबलावर आहे. टर्नर परवा आला होता, त्याला सगळं सांगितलं. त्याने ती हातात घेतली, डोळ्याला लावली, बराच वेळ फिरवून बघितली. म्हणाला, "मला माप कुणी दिलं असतं तर..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

जिल्हा क्रीडा अधिकारी, पालकमंत्री, आपले आमदार, नगरसेवक, ज्यांच्या ज्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचेल त्यांना विनंती, महिन्यातले दोन दिवस मागतोय. निवेदन तयार करतो आहे. ज्यांची मुलं नेमबाजी करतात त्यांनी इनबॉक्समध्ये नाव कळवा, एकत्र जाऊन देऊ. आणि ज्यांची मुलं कुठलाही खेळ खेळतात, त्यांनी एवढं करा. मुलाचा स्कोअर पडला तर ओरडायच्या आधी बॅट, रॅकेट, बूट, सायकलची चेन, काय असेल ते एकदा हातात घेऊन बघा.

पटलं तर पुढे पाठवा.